राक्षस मोठा झाला की नेमकं काय वाढतं?

टेबलावर ग्रिड मांडलाय, एका चौकोनात माणसाची छोटी मिनिएचर उभी आहे आणि तिच्यासमोर चार चौकोन अडवून एक ओगर, म्हणजे थोराड राक्षस. एक चौकोन पाच फुटांचा, म्हणजे हा गडी दहा बाय दहा फूट जागा खातो. धिप्पाड आहे ते दिसतंच, पण हा धिप्पाडपणा आकड्यांत कसा उतरवायचा यावर गेम बनवणाऱ्यांनी किती डोकं लावलंय ते बघितलं ना की मी तरी थक्क होतो.

२००३ सालचं डंजन्स अँड ड्रॅगन्स घ्या, टेबलावर फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम, त्याची साडेतीन एडिशन. आकाराच्या नऊ पायऱ्या, फाइनपासून कोलॉसलपर्यंत, बरोबर मधे मीडियम म्हणजे माणूस. मॉन्स्टर मीडियमचा लार्ज झाला की स्ट्रेंथ ८ ने वर, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) ४ ने वर आणि डेक्स्टेरिटी २ ने खाली. ताकद आली, चपळाई गेली, इथपर्यंत सरळ आहे.

खरी गंमत पुढे आहे. मोठ्या जिवाला अटॅकमध्ये आणि आर्मर क्लासमध्ये (त्याला फटका लागणं किती अवघड, तो आकडा) सारखाच दंड, लार्जला उणे १, कोलॉसलला उणे ८, आणि छोट्यांना उलटं, टायनीला अधिक २. आता दोन ओगर एकमेकांना भिडले तर? याचा नेम १ ने कच्चा पण समोरचा १ ने सोपा, हिशोब शून्य, म्हणजे ते दोन माणसांसारखेच लढतात. पण उंदीर (हा टायनी) आणि कोलॉसल राक्षस समोरासमोर आले की नुसत्या आकारामुळे उंदराचा नेम १० ने सुधारतो आणि राक्षसाचा १० ने बिघडतो, तेही वीस बाजूंच्या फाशावर! मात्र कुस्ती लागली तर उंदराला उणे ८ आणि राक्षसाला अधिक १६, संपलाच विषय. मोठेपणा हा कुणाच्या तुलनेत ते महत्त्वाचं, आणि ते या एका टेबलात इतकं छान पकडलंय.

आता निसर्गाकडे बघू. गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडलं होतं की जीव सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट. साडेतीनमध्ये १० स्ट्रेंथचा माणूस जास्तीत जास्त १०० पाउंड ओझं घेऊन चालतो, तो लार्ज झाला की स्ट्रेंथ १८, ओझं ३००, त्यात लार्जचे दुप्पट म्हणून ६००. सहापट ओझं, आठपट वजन. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं नेते आणि हत्ती नाही नेत, तीच गोष्ट इथे आकड्यांत आलीये. गर्प्स या दुसऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये तर उचलायची क्षमता थेट स्ट्रेंथच्या वर्गावर चालते, ताकद दुप्पट तर वजन चौपट उचलणार. रूनक्वेस्ट या आणखी एका गेमने १९७८ मध्येच साइझ हे स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट करून टाकलं होतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या फिफ्थ एडिशनने हे बरंचसं काढलं. पायऱ्या सहाच, आकार आता हिट डाइसमध्ये, म्हणजे जीव किती ते ठरवणाऱ्या फाशांमध्ये दिसतो, टायनीला चार बाजूंचा फासा, गार्गँच्युअनला वीसचा. हाफलिंग या बुटक्या जमातीची स्ट्रेंथही माणसासारखीच २० पर्यंत जाते, फक्त जड शस्त्रं त्याला नीट पेलत नाहीत, आणि खेळाडूंसाठी हे चांगलंच झालं, आवडीचं कॅरेक्टर आकारामुळे मार खात नाही. पण मॉन्स्टरच्या बाबतीत मला जुनं टेबल जास्त पटतं.

कारण हे बघा, त्याच फिफ्थ एडिशनमध्ये फायटरवर, म्हणजे लढवय्या कॅरेक्टरवर, एनलार्ज हा मोठं करणारा मंत्र टाकला. उंची दुप्पट, वजन आठपट, मिनिएचर आता चार चौकोनांत, स्ट्रेंथच्या चेक आणि सेव्हला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), शस्त्राच्या डॅमेजमध्ये चार बाजूंचा एक फासा जास्त. आणि शीटवर स्ट्रेंथ १६ होती, ती अजूनही १६ च.