गंगेला पूर, आणि बातमी काशीची

नमस्कार मंडळी. सुरुवात स्वतःच्या फजितीनं करते. २०१९चा ऑगस्ट. नाशिकच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि मी नेमकी लेकीकडे ठाण्याला. जीव सगळा इकडे. फोन हातात घेतला आणि सवयीनं लिहिलं, 'गंगेला पूर'. समोर आलं वाराणसी, पाटणा, प्रयागराज.

यात फोनचा काय दोष? गोदावरीला गंगा आपणच म्हणतो. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, संध्याकाळी पाय मोकळे करायला आपण गंगेवर जातो. मग शहाणी होऊन लिहिलं, 'गोदावरी पूर'. तर तिकडे तेलंगणातल्या भद्राचलमची पातळी किती फूट, ते आलं. तिसऱ्यांदा 'नाशिक पूर' लिहिलं तेव्हा कुठे आपला घाट दिसला. व्हिडिओ बघून छातीत धस्स झालं, सराफ बाजारात कमरेएवढं पाणी! खाली कुणीतरी लिहिलं होतं, अहो हा २०१६चा आहे. शेवटी पंचवटीतल्या वहिनींना फोन लावला. "वहिनी, पाणी कुठवर आलंय?" त्या म्हणाल्या, "मारुतीच्या गळ्याशी." संपलं. दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे घाटावरच्या त्या उंच मूर्तीच्या, गळ्याशी पाणी म्हणजे काय, ते इथं बसलेल्या कुणालाही सांगायला नको. माझं माहेर रामकुंडाजवळ. लहानपणापासून आम्ही घोटा, गुडघे, कंबर, छाती असाच पूर मोजला.

पण आपल्या मारुतीचं फार कौतुकही नको. तो फक्त घाटावरच्यांना उपयोगी. खाली नांदूर मध्यमेश्वरला, त्याच्याही खाली कोपरगावला जो बसलाय, त्याला मारुतीचा गळा काय करायचा? त्याला धरणातून किती क्युसेक सोडलं तेच कळायला हवं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हा आकडा आज घरबसल्या मिळतो, आणि ही मोठीच सोय आहे. पूर्वी तो कचेरीतल्या माणसाच्या ओळखीनं मिळायचा. तेव्हा, जुनं ते सोनं हे सांगायला मी इथं आलेले नाही.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या एका दुपारी मी दोनदा माझे शब्द बदलले. आधी गंगा सोडली, मग गोदावरी सोडली. आणि हे बदलताना आपण काही सोडतोय, असं मला जाणवलंही नाही.

पुढे हा खेळ मी मुद्दाम करून पाहिला. मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे रिकामपणी नकाशे आणि जुनी कागदपत्रं बघायची खोड आहे. आपल्या गावाचं नाव मराठीत 'नाशिक' लिहा, एक गाव दिसतं. 'नासिक' लिहा, जरा जुनं गाव दिसतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' घातला तर मिसळ, वायनरी आणि फ्लॅटचे भाव. तो 'एच' काढला की ब्रिटिशांचं गॅझेटियर वर येतं, मुंबई इलाख्याचा सोळावा खंड, १८८३चा. शेतसारा, पिकं, घाटरस्ते, सगळं त्यात. आणि 'गुलशनाबाद' लिहिलंत तर मोगलाई. गाव एकच, पण कोणत्या नावानं हाक मारता त्यावर ते कोणत्या वयाचं होऊन दारात येतं ते ठरतं.

पांडवलेण्यांचं तसंच. 'पांडवलेणी' म्हटलं की पायऱ्या किती, तिकीट किती, गाडी कुठे लावायची. 'त्रिरश्मी', म्हणजे त्या डोंगराचं जुनं नाव, म्हटलं की तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख, जिथं ती आपल्या लेकाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगते. आता मला सांगा, ज्या मुलाला 'त्रिरश्मी' हा शब्दच माहीत नाही, त्याला तो लेख सापडणार कसा? शोधायला निघायच्या आधीच अर्धं ठाऊक असावं लागतं. तो शब्द मला एका वयस्कर ग्रंथपालांनी दिला. मी पांडवलेण्यांवर काही आहे का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, सहल काढायचीय का वाचायचंय?"

आणखी एक भानगड आहे, तरुण मंडळींना बहुधा ठाऊक नसेल. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळायच्या आधी आपल्याकडे जे मराठी संगणकावर टाइप झालं, ते निरनिराळ्या फॉन्टांत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. आमच्या शाळेची एक स्मरणिका अशीच आहे. पीडीएफ उघडली की झकास वाचता येते, पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की नुसते कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हं. शोधणाऱ्याच्या दृष्टीनं तिच्यात एकही मराठी शब्द नाही. अशी कितीतरी स्मरणिका, विशेषांक, गावांचे इतिहास जागच्या जागी आहेत आणि हाकेला ओ देत नाहीत. मग नातू म्हणतो, आजी, नेटवर नाही म्हणजे तसं काही नसेलच.

शाळेतलं सांगते. निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी नववीला 'गोदावरी' प्रकल्प दिला. चाळीस वह्या आल्या आणि चाळिसांत एकच परिच्छेद! त्र्यंबकेश्वरजवळ उगम, लांबी १,४६५ किलोमीटर, भारतातली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी. सगळं बरोबर. त्यातली पाच-सहा मुलं तर रोज नदी ओलांडून शाळेत यायची, पण त्यांच्याही वहीत नदीचा वास नव्हता. पूर्वी मुलांच्या चुका तरी वेगवेगळ्या असायच्या. कुणी आजीला विचारलेलं, कुणी कोळ्याला, कुणी चक्क स्वतःच्या मनानं ठोकून दिलेलं. मार्क मी पूर्ण दिले. देणार काय दुसरं?

आता द्राक्षांची गोष्ट, कारण ती मला अजून सुटलेली नाही. भाच्याची दिंडोरीकडे बाग आहे. पानावर तेलकट पिवळे डाग, मागच्या बाजूला पांढरी बुरशी. त्यानं फोटो काढून फोनला विचारलं, आणि फोननं क्षणात सांगितलं, डाउनी. आपण ज्याला डावणी म्हणतो तीच. मी तर थक्क झाले. पण पुढे सल्ला काय, तर वेल थंडीत झोपलेला असताना छाटणी करा. अहो, आपल्याकडे वेल झोपतो कधी? एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि ऐन थंडीत मणी फुगत असतात. तो सल्ला खोटा नव्हता, परगावचा होता. जिथं बर्फ पडतं तिथं तो शंभर टक्के खरा असेल.

आणि तोच वर का आला? १९९८ साली गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी शोधाची जी युक्ती मांडली, तिचं मूळ असं की एखाद्या पानाकडे इतर किती पानं आणि किती वजनाची पानं बोट दाखवतात, त्यावर त्याची पत ठरवायची. नंतर त्यात पुष्कळ भर पडली, पण पाया तो. आता दिंडोरीच्या बागाईतदाराकडे ज्ञान कमी आहे का? पण तो बोलतो बांधावर, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिथं त्याच्याकडे बोट दाखवणार कोण?

पूर्वी निदान पान उघडलं की वर पत्ता दिसायचा. हे कॅलिफोर्नियाचं, हे पुण्याच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं, हे औषध विकणाऱ्याचं. आता दहा ठिकाणचं कालवून वरच एक गोड उत्तर येतं, आणि आपण तेवढंच वाचून फोन खिशात टाकतो. उत्तराचं गाव कोणतं, ते विचारायचं राहूनच जातं.

गाव विचारण्यावरून आठवलं. माझ्या पुतण्यानं पणजोबांचं नाव नेटवर टाकलं आणि त्याच नावाचे भलतेच गृहस्थ धरून आणले, फोटोसकट! मी त्याला रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नेलं. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही, उलट आम्हालाच विचारत बसले. मूळ गाव कोणतं? तालुका? आडनाव पहिल्यापासून हेच का? घराण्यातलं कोण कधी आलं होतं? मग आतून एक लांबोडकी वही आणली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. पणजोबांची नोंद. मोडीत. मला मोडी येत नाही, पुतण्याला तर नाहीच. गुरुजींनी वाचून दाखवली, सोबत कोणकोण आले होते तेही.

पुतण्यानं लगेच फोटो काढून मला पाठवला. आज तुम्हाला दाखवावा म्हणून मघाशी खाली बसून शोधत होते. 'वही' लिहिलं तर दुधाच्या हिशेबाची वही आली. 'रामकुंड' लिहिलं तर नातवाची मुंज. गुरुजींना पाच मिनिटं लागली होती. मी अर्धा तास झाला शोधतेय.