भांडी घेऊन उभी राहिलेली माणसं

नमस्कार. वाचनालयातनं फोन आला तेव्हा म्हणाले, मॅडम, हल्ली काय बघितलं त्यावर बोला, पुस्तकच पाहिजे असं काही नाही. मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, आणि गेल्या चार-पाच महिन्यांत मी जे सहा सिनेमे बघितले ते सगळे ॲक्शन नाहीतर सायन्स फिक्शन, म्हणजे गाड्या उलटतायत, अंतराळयानं फिरतायत, वाळूतनं आगगाडीएवढाले किडे वर येतायत, असले. माझ्या भाच्याने दाखवले सगळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याला ह्या सिनेमांचं वेड आहे, आणि सुरुवातीला मी त्याच्यासोबत वेळ घालवायला मिळतो म्हणून बसले, पण मग मला त्यात जे दिसायला लागलं ते त्याला दिसत नव्हतं, कारण २०१६ च्या पाणीटंचाईत तो लहान होता आणि लातूरला नव्हता. मी होते. तुम्हीपण होता, तुमच्यातले बरेचजण.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' पासून सुरू करते. २०१५ चा आहे, जॉर्ज मिलरचा, ऑस्ट्रेलियाचा माणूस, आधी डॉक्टर होता तो, दवाखान्यात काम केलेला. गोष्ट तशी दोन ओळींची. जग वाळून गेलंय. एका उंच कड्यावर एक म्हातारा राहतो, त्याच्या ताब्यात जमिनीखालचं पाणी आहे, आणि खाली शेकडो माणसं भांडी घेऊन उभी आहेत. तो वर येतो, भाषण करतो, दांडा ओढतो आणि कड्यातल्या मोठाल्या पाइपांतनं पाणी कोसळतं. माणसं धावतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि बघता बघता तो बंद करतो. वर त्यांनाच सांगतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका, सवय लागली की नसल्यावर त्रास होतो. पाण्याला त्याने नावपण ठेवलंय, ॲक्वा कोला, जसं काही ते त्याच्या कारखान्यातनं निघतं.

मी हा सिनेमा घरी बघितला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि माझी आई शेजारी बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, ती हातात शेंगा घेऊन फोडत बसलेली. तो सीन आला आणि ती थांबली. म्हणाली, "अगं, एवढं पाणी वरनं सोडतायत आणि खाली साधा एक हौद नाही बांधला? सगळं मातीत चाललंय की. आणि भांडी बघ, कुणाकडं धड घागर नाही."

मला तो सीन तिच्यामुळे कळला. हौद बांधला की संपलं ना त्याचं! उद्यापासून कोण मान वर करून बघणार त्याच्याकडे? पाणी मातीत जायलाच पाहिजे, माणसाच्या हाताला घोटभरच लागलं पाहिजे, तरच उद्या ती परत तिथे येऊन उभी राहणार. सिनेमात हे कुणी बोलून दाखवत नाही. नुसतं ओल्या मातीवरनं हात फिरवणारी माणसं दिसतात.

तुम्हाला आठवत असेल, २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी आणि टँकर भरायच्या जागी १४४ कलम लावलं होतं. पाचापेक्षा जास्त माणसांनी पाण्याजवळ जमायचं नाही. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण तळाला गेलेलं. आमच्या गल्लीत निळे ड्रम, २०० लिटरचे, रांगेत लावलेले असायचे, प्रत्येकावर ऑइलपेंटने आडनाव, आणि टँकर वळणावर दिसला की पोरं पळत जायची, बायका वरच्या झाकणातनं आत पाइप टाकायच्या, ज्याचा पाइप आधी आत त्याचं पाणी आधी. मी शिकलेली बाई, पगारदार, आणि मी त्या टँकरच्या शिडीवर चढलेय पाइप तोंडात धरून. शेजारणीचा पाइप मी ढकलला होता एकदा. आजपण ती भेटली की मला आधी ते आठवतं.

आणि 'फ्युरी रोड' मध्ये सगळे ज्याच्या मागे लागलेत ती गाडी काय आहे? टँकर! दोन तास अख्खा पिक्चर एका टँकरच्या मागे पळतो. भाच्याने मला थांबवून थांबवून दाखवलं की हा केलाय कसा. ४८० तासांचं शूटिंग, आणि ते कापून दोन तासांचं केलं मार्गारेट सिक्सेल ह्या बाईंनी, दिग्दर्शकाची बायको, आणि तिने त्याआधी ॲक्शन सिनेमा कधी एडिट केलेला नव्हता. त्याबद्दल तिला ऑस्कर मिळालं, सिनेमाला एकूण सहा मिळाले. २७०० च्या आसपास कट आहेत, म्हणजे अडीच-पावणेतीन सेकंदाला एक, इतके कट असल्यावर खरंतर डोकं गरगरायला पाहिजे, पण मला एकदाही असं झालं नाही की कोण कुठे आहे तेच कळेना. त्याचं कारण भाच्याने सांगितलं ते मला फार आवडलं. बघायची वस्तू प्रत्येक शॉटमध्ये पडद्याच्या मधोमध ठेवलीय, त्यामुळे कट झाला तरी डोळ्याला शोधत फिरावं लागत नाही, तो तिथेच असतो. कॅमेरा जॉन सील ह्यांचा, सत्तरीच्या आसपास होते तेव्हा, निवृत्त झालेले परत आले ह्या कामासाठी. आणि लांब लवचिक खांबांवर झोके घेत एका गाडीवरनं दुसरीवर येणारी माणसं आहेत ना, ती खरी माणसं, खऱ्या चालत्या गाड्यांवर. म्हणून ते अंगावर येतं. माणूस पडला तर लागेल, हे आपल्या शरीराला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

अजून एक गोष्ट कळली आणि मी बराच वेळ तिच्यावरच विचार करत बसले. हा सिनेमा ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला करायचा होता, तिथलं वाळवंट ठरलेलं होतं, आणि ऐनवेळी तिथे इतका पाऊस झाला की लाल मातीवर फुलं उगवली, सगळं हिरवं. मग अख्खं युनिट उचलून आफ्रिकेत नामिबियाला न्यावं लागलं. पाण्यावाचून मेलेल्या जगाचा सिनेमा पाऊस पडल्यामुळे रखडला. त्या लोकांचं नुकसान झालं असणार, पण मला खोटं बोलता येत नाही, वाचून मला आनंद झाला.

'फ्युरिओसा' हा त्याचाच आधीचा भाग, २०२४ ला आला. त्याबद्दल जास्त बोलत नाही, त्याच्यात टँकरवरच्या हल्ल्याचा एक पंधरा मिनिटांचा तुकडा आहे जो करायला ७८ दिवस लागले, आणि तो तुकडा बघण्यासारखाच आहे, बाकी सिनेमा मला लांबलेला वाटला. शेवटचं ते पीचचं झाड मात्र विसरत नाही. बी जपून ठेवणारी मुलगी. पहिल्यातपण एक म्हातारी आहे, पिशवीत बिया घेऊन हिंडणारी, रोज कुठेकुठे एखादी लावून बघते, उगवत नाही, तरी लावते. आमच्याकडे आजी गाडग्यात राख घालून बी ठेवायची. मला ती म्हातारी कुठल्या परक्या देशातली वाटली नाही.

आता 'ड्यून', एका वाळवंटी ग्रहावरची गोष्ट. डेनी व्हिलनव्हचे दोन भाग, २०२१ आणि २०२४. भाच्याला त्यातल्या लढाया आवडतात, वाळूतला किडा आवडतो, तो किडा पहिल्यांदा पूर्ण दिसतो तेव्हा माझेपण हात थंड पडले होते हे खरंय, आणि त्याचा आवाज, घरातल्या टीव्हीवर असला तरी खुर्चीतनं जाणवतो. पण मी तुम्हाला दुसरे दोन सीन सांगते, ज्यात काहीच होत नाही.

एक. वाळवंटातल्या लोकांचा मुखिया राजवाड्यात येतो, बोलणी करायला. येतो आणि समोरच्या टेबलावर थुंकतो. सगळे तलवारीला हात घालतात. मग त्यांच्यातला एकजण, जो त्या लोकांत राहून आलाय, पटकन पुढे होतो आणि आभार मानतो, तुझ्या शरीरातलं पाणी तू आम्हाला दिलंस म्हणून. आणि मग हेपण थुंकतात. जिथे थेंबथेंब मोजतात तिथे थुंकणं म्हणजे मान देणं! दोन-तीन वाक्यांत दिग्दर्शकाने अख्खी संस्कृती उभी केली, कुठे भाषण नाही, नकाशा नाही. ते लोक जो पोशाख घालतात तो घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून परत प्यायला देतो, दिवसाला शिवणकामातल्या अंगुस्तानाएवढंच पाणी बाहेर जातं. बायॉलॉजीची बाई म्हणून सांगते, ते इतकं नेमकं जमणं अवघड आहे, घाम वाफ होऊन उडाला तरच अंग थंड होतं, तो पोशाखातच अडकवला तर ती उष्णता कुठेतरी बाहेर टाकावी लागणार. पण कल्पना करणारा माणूस शरीराचा विचार करत होता हे दिसतं.

दुसरा सीन राजवाड्याबाहेरच्या खजुराच्या झाडांचा. २० झाडं, एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, म्हणजे १०० माणसांचं पाणी. माळी उन्हात उभा राहून ते घालतोय. राजाचा मुलगा विचारतो, मग काढून टाकायची का? माळी नाही म्हणतो, ही पवित्र आहेत, जुनं स्वप्न आहे. त्या दोघांमधलं कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. २०१६ ला आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड आईने भांडी घासलेल्या पाण्यावर जगवलं, आणि तेव्हा मी तिच्यावर चिडले होते की ते पाणी संडासाला लागतं. झाड आहे अजून.

ही गोष्ट मुळात कादंबरीतली, फ्रँक हर्बर्टची, १९६५ ची, आणि तिचं बी पडलं ते अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर. तिथे वाळूच्या टेकड्या सरकत यायच्या, रस्ते गिळायच्या, आणि सरकारी शेतीखात्याचे लोक गवत लावून ती वाळू धरून ठेवत होते. हर्बर्ट पत्रकार होता, त्यावर लेख लिहायला गेला. म्हणजे एवढं मोठं अंतराळातलं साम्राज्य निघालं कशातनं, तर गवत लावणाऱ्या माणसांच्या कामातनं. आपल्याकडे गावोगाव बांधबंदिस्ती करणारी, चर खणणारी माणसं आहेत. मला वाटतं त्यांच्यावर कुणीतरी लिहायला जायला पाहिजे.

'द मार्शियन' पटकन सांगते. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे लावतो. माती मंगळाची, खत माणसांच्या मैल्याचं, आणि पाणी नाही, तर रॉकेटच्या इंधनातनं, हायड्राझीनमधनं हायड्रोजन काढून तो जाळून पाणी करतो, एकदा स्फोट होतो, परत करतो. सुरुवातीचं वादळ तसं होऊ शकत नाही, मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्कापण नाही, आणि तिथल्या मातीत पर्क्लोरेट म्हणजे विषारी क्षार आहेत हेपण खरंय. पण पहिला कोंब वर येतो तेव्हा तो माणूस त्याच्याशी बोलतो. वर्गात चवळीला मोड आणून दाखवते तेव्हा मुलं अशीच वाकतात. आणि पुढे एका क्षणात त्याच्या घराचा हवाबंद दरवाजा उडून जातो, सगळं पीक गोठून जातं. गारपिटीनंतर माझा भाऊ द्राक्षाच्या बागेत उभा होता तसाच तो माणूस उभा आहे, हात खाली सोडून.

आणि आता 'इंटरस्टेलर', ज्याच्यावर माझं भाच्याशी भांडण आहे. हा २०१४ चा, पण २०२५ च्या फेब्रुवारीत परत थिएटरला लागला होता, तेव्हा तो मला पुण्यात मोठ्या पडद्यावर घेऊन गेला. आजूबाजूची पोरं दहाव्यांदा वगैरे बघत होती, संवाद पाठ. पृथ्वीवर धूळ, पिकांवर रोग, एकेक पीक जगातनं संपत चाललंय, मका तेवढा उरलाय. त्या मक्यातनं गाडी घालून एक बाप आणि त्याची मुलं एका विमानाचा पाठलाग करतात आणि ते निघतं भारतीय वायुसेनेचं ड्रोन, दिल्लीचं केंद्र १० वर्षांपूर्वी बंद पडलं तरी एकटंच उडत राहिलेलं. थिएटरात शिट्ट्या झाल्या. माझ्या पोटात गोळा आला. दिल्ली बंद पडली म्हणजे आपण सगळेच, आणि ते एका वाक्यात येऊन जातं. तो मका खरा होता, दिग्दर्शक नोलनने कॅनडात ५०० एकरावर पेरून घेतला आणि शूटिंग झाल्यावर विकला, फायदापण झाला म्हणे.

पुढे तो बाप माणसांना राहायला दुसरा ग्रह शोधायला अंतराळात जातो. तिथे पाण्याच्या एका ग्रहावर एक तास थांबलं की पृथ्वीवर सात वर्षं जातात, आणि तो बाप परत येऊन २३ वर्षांचे मुलांचे निरोप एकामागे एक बघतो, तिथे मी रडले. आत्ता सांगतानापण गळा भरून येतो. कृष्णविवराचं चित्र किप थॉर्न ह्या भौतिकशास्त्रज्ञांच्या गणितावरनं केलंय, त्यांना पुढे २०१७ ला नोबेल मिळालं, सगळं मान्य. पण त्या बापाला दोन मुलं आहेत. मुलगी शास्त्रज्ञ होते, जगाला वाचवते. मुलगा शेती करतो, बापाने सोडून दिलेली, धूळ खात, पोटचं पोर गमावून. आणि सिनेमा त्याला हट्टी आणि आंधळा ठरवतो. शेवटी बहीण येते आणि त्याला घरातनं बाहेर काढायचं म्हणून त्याचं उभं पीक पेटवून देते. उभं पीक! आणि कॅमेरा त्या पिकाकडे थांबून बघतसुद्धा नाही, त्याला कपाटातल्या पुस्तकांकडे जायचंय. भाचा म्हणतो, आत्या, तिला सगळ्या मानवजातीला वाचवायचं होतं. असेल. मी त्याला म्हणलं, तुझ्या बापाला विचार, सोयाबीन काढणीला आलंय आणि मी येऊन काडी लावली तर तो काय म्हणेल. त्याने विचारलं नाही, पण तो गप्प झाला.

लातूरला पाण्याची रेल्वे आली ती १२ एप्रिल २०१६ ला. मिरजेहून, कृष्णेचं पाणी, पहिल्या खेपेला १० वॅगन, प्रत्येकीत ५० हजार लिटर, राजस्थानात कोट्याला धुऊन स्वच्छ केलेल्या. पहाटे पोहोचली. गर्दी होती, हार घातले इंजिनाला. मी गेले होते बघायला आणि वॅगनच्या अंगाला हात लावला होता, ती गार लागली. कुठल्याच सिनेमात मी अजून ते बघितलेलं नाही, की पाणी येतं आणि माणसं आधी नुसता हात लावून बघतात.

'फ्युरी रोड' च्या शेवटी, सांगते, कारण १० वर्षं झाली आता त्याला, टँकर वाटेतच मोडतो, ती माणसं म्हाताऱ्याच्याच गाडीतनं परत त्याच कड्यापाशी येतात, म्हातारा मेलेला असतो, आणि इतकी वर्षं वर कोंडून ठेवलेल्या बायका जाऊन ते पाणी सोडतात. आईने शेंगांची परात बाजूला ठेवली होती तोवर. पाणी परत मातीतच पडत होतं. मला वाटलं ती परत हौदाचं काढणार. म्हणाली, "आता बायका वर आल्यात. बांधतील त्या."

तो सुरुवातीचा सीन मी पेनड्राइव्हवर आणलाय. मागच्या दोन ट्यूब घालवता का जरा, आणि आवाज वाढवा. त्या म्हाताऱ्याकडे बघू नका, खाली माणसांच्या हातात काय काय आहे तेवढं बघा.