बाळंतपणानंतर कपडे सतत ओले राहतायत? नीट ऐका

नमस्कार. आजचा विषय असा आहे, की बाई तो सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. बाळंतपणानंतर लघवी गळत राहणं, किंवा गॅस आणि शी न थांबणं. सांगितलंच, तर उत्तर मिळतं, "होतं असं, जाईल." या उत्तराचा मला मनापासून राग येतो, कारण उपचाराचे कितीतरी महिने त्यात वाया जातात.

शिंकताना दोन थेंब सुटणं पुष्कळ जणींना होतं आणि व्यायामानं बहुधा सुधारतं. पण झोपेतही, काही न करता लघवी वाहतेय? मग फिस्टुला, म्हणजे लघवीच्या मार्गातून योनीमार्गात पडलेलं भोक, आहे का, हे बघावंच लागतं.

प्रसूती अडते, बाळाचं डोकं तासन्‌तास एकाच जागी राहतं, तेव्हा मूत्राशय डोकं आणि हाड यांच्यामध्ये चेपलं जातं. रक्तपुरवठा थांबतो, तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. उरतं ते भोक. म्हणून गळती बऱ्याचदा पहिल्या दिवशी दिसतच नाही. सिझेरियनमध्ये झालेली इजाही अशीच उशिरा कळू शकते.

तपासणी साधी आहे. योनीमार्गात गॉझचे तीन बोळे ठेवायचे आणि नळीतून मूत्राशयात निळा रंग सोडायचा. वरचा किंवा मधला बोळा निळा झाला, तर भोक मूत्राशयाला. बोळा ओला झाला पण निळा नाही, तर किडनीकडून येणारी नळी गळतेय, असा संशय. दोन्हींचं ऑपरेशन वेगळं, म्हणून हा फरक फार मोलाचा.

भोक लहान आणि ताजं असेल तर काही आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठेवून ते कधी कधी आपोआप भरतं. नाहीतर सहसा तीनेक महिने थांबून, सूज उतरल्यावर शस्त्रक्रिया. पहिल्याच खेपेला यशाची शक्यता सर्वांत जास्त असते, तेव्हा हे काम नेहमी करणारा सर्जनच शोधा.

याच्या उलट, लघवी अडकणं. प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यावर ६ तासांत लघवी झाली नाही, तर नर्सला सांगा. पाठीत भूल दिली असेल तर मूत्राशय भरल्याचं कळतही नाही. तुडुंब भरल्यावर थेंब थेंब गळतं आणि सगळ्यांना वाटतं, होतेय की लघवी! सोनोग्राफीत खरं काय ते दिसतं. वेळेत नळी घातली नाही, तर ताणलेलं मूत्राशय पुढे बराच काळ नीट आकसत नाही.

आता शीबद्दल. योनीमार्गातून गॅस किंवा शी येत असेल, तर आतड्याला भोक आहे असं समजूनच तपासायला हवं. गुदद्वाराचा स्नायू फाटलाय का, ते गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत कळतं. टाके घालण्याआधी आणि नंतर गुदद्वारात बोट घालून तपासणं म्हणूनच गरजेचं. स्नायू शाबूत आणि आतडं मात्र फाटलेलं, असंही क्वचित घडतं.

आणि सिझेरियननंतर पोट फुगतच चाललं, तर थांबू नका, गॅस सरत असला तरी. कुठेही अडथळा नसताना मोठं आतडं ठप्प होऊन फाटू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांसमोर शब्द फुटत नसतील तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या: गळती कितव्या दिवशी सुरू झाली, सतत आहे की खोकल्यावर, झोपेत होते का, आणि नेमकी कुठून.