काटा उडाला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

नमस्कार मंडळी. आज जुन्या गाड्यांबद्दल बोलूया, म्हणजे आपल्याकडे जांभ्याच्या गडग्याला टेकून उभ्या असतात ना त्या मोठ्या डिझेल एसयूव्ही, पंधरा-अठरा वर्षं झालेल्या. त्यात देवगडची माझी पण एक आली.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरला निघालो होतो, तळेरे, वैभववाडी करत करूळ घाटात शिरलो, धुकं उतरलं म्हणून हेडलाईट लावली आणि टेम्परेचरचा काटा टुणकन वर. घाबरून गाडी बाजूला घेतली, लाईट बंद केली तर काटा खाली. परत लावली, परत वर. त्यात गिअर टाकताना करकर चालूच होती. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं अख्खं मीटर बदला आणि गिअरबॉक्स उतरवा, खर्चाचा आकडा ऐकून मी चहासुद्धा न घेता घरी आलो.

आमचे मेस्त्री हसले. म्हणाले, "अरे, चायचा आदण तरी एका झटक्यात उकळता काय? मग इंजिनातला पाणी कसा तापतला?" खरंच की! पाणी हळूहळू तापतं, काटा उडी मारत असेल तर गडबड बहुतेक वायरिंगची. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बसते तो बोल्ट खोलला, खाली हिरवट-पांढरी पूड, खारी हवा, दुसरं काय. मग इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, ती खोलली, ती तर निम्मी तुटलेली. पट्टी नवीन टाकली, लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, बोल्ट कसले, वरून ग्रीस. काटा गप्प बसला. म्हणून सगळे काटे एकदम वेड्यासारखे वागायला लागले, की आधी अर्थ बघा. पण हां, काटा हळूहळू चढत असेल तर ते खरं तापणं, तिथे थांबायचंच. आणि पाणी गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली दिसू शकतो, तेव्हा रेडिएटरचं पाणी डोळ्याने बघा, फक्त गाडी थंड असताना.

आता गिअर. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाहीये, गिअरबॉक्स बिचारा निर्दोष. क्लच ऑईलवर चालणारा असेल तर डबीतली लेव्हल बघा, मग खाली वाकून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरची, म्हणजे ऑईलच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या नळकांड्याची, रबरी टोपी जरा उचला. आत ओलं लागलं की सील गेलं. माझ्या गाडीत तेच निघालं. ते ऑईल म्हणजे ब्रेक ऑईलच, हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा!

घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट घासलीय. टाकलेला गिअर आपोआप सुटतो, तर लिंकेजचे (गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काम.

गिअर ऑईल बघताना गाडी सपाट जागेवर हवी, आणि वरचा भरायचा नट आधी खोला, खालचा नंतर. उलट केलंत आणि वरचा गंजून अडकला असेल तर ऑईल जमिनीवर आणि गाडी दारात, हे मी केलंय, हसू नका. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल हवं, बोट वाकवून कळतं. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. गरम गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढते. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला, तसल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांच्या मधला गिअरचा गोळा) दोन्हीचं ऑईल बदलाच.

आणि किनाऱ्यावर फोर बाय फोर लावून फिरणारे, डांबरीवर आल्यावर काढा रे तो दांडा! बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढची-मागची चाकं त्याने बांधली जातात, वळणावर ताण येतो आणि दांडाच निघत नाही. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो.

स्पीडचा काटा मेला तर जुन्या गाडीत केबल बघा, ती गिअरबॉक्समधूनच फिरते. नंतरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र स्पीड सेन्सर गेला की गिअरपण नीट बदलत नाहीत, एकाच सेन्सरपायी दोन दुखणी.

राहिला डिझेलचा काटा. माझा अर्ध्यावरच अडकलाय, टाकीतला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा गोळा, गेलाय. टाकी रिकामी झाली की उतरवूया म्हणतायत मेस्त्री, पण ती रिकामी कधी होते ते काटा सांगेल तर ना.