दीडशेच्या पुढचा काटा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं खरं वजन मला पहिल्यांदा कळलं ते सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांशेजारी. घरी काचेचा डिजिटल काटा होता, पण मी चढलो की त्यावर आकड्याऐवजी ‘एरर’ यायचं. काटा बिघडलाय, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. वजन कमी करायच्या ऑपरेशनचं ठरायला लागलं, डॉक्टरांनी फोनवर वजन विचारलं, तेव्हा एका अडत्या मित्राच्या दुकानात गेलो. हमालांनी पोतं उतरवलं, मी चढलो. १५६ किलो. घरी येऊन आमचा काटा उलटा करून पाहिला. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं : कमाल १५० किलो. बिचारा बिघडला नव्हताच.

माझं ऑपरेशन ‘स्लीव्ह’चं. यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष वजन उतरत राहतं आणि घरातल्या काट्याशी तुमची रोज गाठ पडते. म्हणून काटा आधीच घ्या, आणि घेताना कंपनीचं नाव, रंग वगैरे बघण्याआधी मागची ती बारीक अक्षरं वाचा. बाजारातले बरेच काटे १५० किंवा १८० किलोपर्यंतचे असतात. २०० किंवा त्याहून जास्तीचेही मिळतात, थोडं शोधावं लागतं. आपल्या आजच्या वजनात वीस-तीस किलो मिळवून मग काटा निवडा, कारण चढताना पाय जोरात पडतो तेव्हा काट्यावर क्षणभर वजनापेक्षा जास्त भार येतो. “वजन तर उतरणारच आहे, मग एवढा मोठा काटा कशाला?” असं मला दुकानदार म्हणाला होता. अहो, पण ते उतरताना मोजायचं कशावर?

आता एक गोष्ट सांगतो, ती बारीक माणसाच्या लक्षातच येणार नाही. काट्यावर उभं राहून खाली बघितलं की मला आकडा दिसायचा नाही, पोट दिसायचं. वाकलो की तोल जाणार आणि आकडाही हलणार. मग बायको शेजारी उकिडवी बसायची, “अहो, हलू नका,” म्हणत मोठ्यानं आकडा वाचायची आणि तो स्वयंपाकघरात आईला ऐकू जायचा. तेव्हा आकडे ठसठशीत हवेत, मागून उजेड असलेले हवेत, आणि खाली उतरल्यावरही चार-पाच सेकंद टिकणारे हवेत. दुकानात बूट काढून चढून बघा, लाजू नका. पाय फाकवून उभं राहता येईल एवढी रुंदी हवी, उंची कमी हवी. ऑपरेशननंतरच्या दिवसांत खाणं-पाणी अगदी थोडं असतं, चक्कर येऊ शकते. मी भिंतीला हात न लावता, पण भिंतीच्या जवळच उभा राहायचो.

याला ‘बाथरूम स्केल’ म्हणतात म्हणून कोणी तो बाथरूममध्ये ठेवू नका. ज्या देशांतून हे नाव आलं तिथली बाथरूम कोरडी असतात. आपल्याकडे बादली, तांब्या आणि जमिनीवर पाणी. ओल्या काचेवरून पाय घसरतो आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्सही दमटपणानं खराब होतं. या काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात, चौघांवर भार नीट वाटला गेला तरच आकडा खरा. म्हणून सपाट, टणक फरशी शोधा. सतरंजीवर नको, फरशांच्या सांध्यावर एक पाय येईल असा नको. जागा हलवली तर पायानं एकदा दाबा, शून्य येऊ द्या, मग चढा.

काटा चांगला की वाईट, हे ओळखायची माझी युक्ती एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीची आहे. लागोपाठ तीनदा चढा. तिन्ही वेळा आकडा शे-दोनशे ग्रॅमच्या आत यायला हवा. मग भरलेली बाटली हातात घेऊन चढा. किलोभर वाढायलाच हवं. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला तर तोच पुन्हा दाखवतात, म्हणजे तीनदा एकच आकडा आला तरी तो खरा असेलच असं नाही. बाटली त्यांचं बिंग फोडते. ‘५० ग्रॅमपर्यंत अचूक’ या जाहिरातीला भुलू नका. आकडा ५० ग्रॅमच्या पायरीनं बदलतो, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो. दवाखान्यातला काटा आणि माझा काटा यांत १ किलो ४०० ग्रॅमचा फरक होता. मी तो वहीत लिहून ठेवला आणि घरी एकाच काट्याला धरून राहिलो.

चरबी, पाणी, स्नायू सगळं सांगणारे काटे पायांतून अगदी सौम्य वीज सोडतात आणि हिशोबानं अंदाज बांधतात. शरीरातलं पाणी वरखाली झालं की हा अंदाजही डळमळतो, आणि ऑपरेशननंतर ते होतंच. पेसमेकर असलेल्यांनी असे काटे वापरूच नयेत. मी साधा घेतला.

त्यानंही मला घाबरवलंच. ऑपरेशनला गेलो तेव्हा १५२, चौथ्या दिवशी घरी आलो तर १५४! सलाइनचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ३१७.९. पुतण्यानं मागचं बटण दाबून किलोचे पाउंड केले होते. त्याच सुमारास वजन आठ दिवस जागचं हललं नाही; असा थांबा पुष्कळांना येतो, तो बहुतेक पाण्याचा खेळ असतो. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हा सांगितलं, रोज चढू नका, आठवड्यातून एकदा चढा : सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत. मी रविवार धरला.

अजूनही रविवारच आहे. मध्ये १०४ पर्यंत आलो होतो, सध्या १०८ आहे, आणि त्या चार किलोंबद्दल बुधवारी बाईंकडे जायचंय.

जुना काचेचा काटा मात्र मी टाकला नाही. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी तो माळ्यावरून काढला, नवा सेल घातला आणि कोणी उठायच्या आत त्यावर उभा राहिलो. जरा वेळ नुसत्या रेघा. मग १४९.३.