मिरजेतली माळ

मागं ऐकू येतंय ना? बरं.

मी वक्ता नव्हे. साताऱ्याकडं वायरमनकी करण्यात आयुष्य गेलं. त्यामुळं प्रवासावर बोला म्हणालात तरी मी येणार वायरीवरच.

गेल्या डिसेंबरात बेळगावला लेकीकडं निघालो होतो. मिरजेला गाडी बदलायची, आणि पुढची गाडी तीन तास लेट. मिरज म्हणजे तुम्हा सांगलीकरांचं अंगण. मला तिथल्या दोनच गोष्टी ठाऊक: सतारी, आणि मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांचं 1894 सालचं हॉस्पिटल. आमची आजी ‘मिरजेला नेलं’ म्हणाली, की समजायचं दुखणं मोठं आहे.

चहाला बाहेर पडलो, तर एका लहानशा चर्चच्या आवारात सतरंज्या, पेटी-तबला, पन्नासएक माणसं. मधे विटा लावून पिंपात रोवलेलं नाताळचं झाड, तेही सुरूचं. चित्रातलं ते बर्फाळ झाड इथं कुठून आणणार? (सुरू तरी कुठं मूळचा आपला, पण आता कोण विचारतो!) मी फाटकाशीच घुटमळलो. एक मावशी म्हणाल्या, ‘‘आत या की भाऊ, बाहेर का उभारलाय?’’

पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, दहापासून उलटे आकडे मोजले, पोरं ओरडली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाही.

माझे हात शिवशिवायला लागले. मांडववाला पोरगा घामाघूम. म्हणाला, ‘‘गणपतीच्याच माळा हायत काका, तिथं झकास चालल्या.’’ जुन्या पद्धतीची सिरीज. सहा व्होल्टचा एकेक बल्ब, तसे चाळीसएक एकामागं एक जोडले की घरातले 230 व्होल्ट वाटून घेतात. पण एकाचीही तार होल्डरमधे हलली की सगळी माळ काळी. मी टेस्टर मागितला. बटण चालू ठेवून होल्डरांच्या तारांना लावत गेलो. टेस्टर पेटतोय तिथवर वीज पोचतेय. विझला, की दुखणं त्याच्या अलीकडं. सतरावा बल्ब निघाला. तार सरळ केली, खोचला, आणि झाड एकदम लखलखलं. टाळ्या मला नव्हत्या, झाडाला होत्या. पण थोड्या मी घेतल्या.

पूर्वी या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत, जवळ पाण्याची बादली ठेवून. विजेचे दिवे पहिल्यांदा 1882 साली न्यूयॉर्कात, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं आपल्या घरी लावले: लाल, पांढरे, निळे, मिळून 80. तो खरा आमचा माणूस!

मग भजन सुरू झालं. टाळ वाजले, चाल अभंगाची. डोळे मिटले असते तर हरिपाठ चाललाय असं वाटलं असतं. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘‘ही ना. वा. टिळकांची वाट.’’ मी चपापलो. हे टिळक म्हणजे अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं लिहिणारे मराठी ख्रिस्ती कवी. ते शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यात राहिले, 1917 मधे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा तिथंच काढला. आणि ही गोष्ट मला सातारकराला मिरजेत कुणीतरी सांगावी!

मावशींनी करंज्या आणि केक एकाच कागदात बांधून दिले. नातवासाठी, म्हणाल्या. गाडी धावत पकडली.

बेळगावात उतरल्यावर खिशात हात घातला, तर त्या पोराचा टेस्टर. हा बघा. भाषण उरकलं की मिरजेची बस धरायचीय. झाड आज लागणार आहे.