बेअरिंगच्या गाडीची अमेरिकन चुलत बहीण

हा आवाज ऐका. टक-टक, टक-टक. सकाळचे सव्वासहा, पुण्याच्या जेएम रोडचा रुंद फूटपाथ, चहावाल्याचं पहिलं आधण अजून उकळायचंय आणि एक पोरगं स्केटबोर्डवरून येतंय, ब्लॉकच्या प्रत्येक फटीवर चाक बोलतंय.

मला तर बेअरिंगची गाडीच आठवते. गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली जुनी बेअरिंगं, एक फळी, पुढच्या आडव्या लाकडाला सुतळी, आणि मग गल्लीच्या उतारावरून जी काय खडखड सुटायची की दुपारच्या झोपेतून उठून अख्खी चाळ शिव्या घालायची.

कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1950 च्या दशकात हेच केलं, रोलर स्केटची लोखंडी चाकं काढली आणि फळीला ठोकली. समुद्रात लाट नसली की सर्फिंगवाले रस्त्यावर! पुढे क्लेची चाकं आली, पण ती रस्ता धरायचीच नाहीत, साधा खडा आडवा आला की बोर्ड तिथेच आणि तुम्ही पुढे. हातपाय मोडायला लागले, गावोगावी बंदी आली, 1965 नंतर खेळ जवळपास गुंडाळलाच.

वाचवला कोणी, तर चाकाने. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकची, चाकं बोर्डला लावली. मऊ, खडा गिळणारी, वळणावर न घसरणारी. माझ्या मते खरा हिरो हाच, पण पोस्टर लागतात स्केटबोर्डवरचा स्टार टोनी हॉकचे, असो.

मग कॅलिफोर्नियातला 1976-77 चा दुष्काळ. आपल्याकडे पाणीकपात झाली की टँकरला फोन, तिकडे स्विमिंग पूल कोरडे पडले आणि पोरं कुंपणावरून उड्या मारून त्यात उतरली, गोल भिंतींवर बोर्ड चढवायला लागली. त्याच दशकात फ्लोरिडात ॲलन गेलफंडने अशाच गोल भिंतीवर हात न लावता बोर्ड हवेत उचलला, ती ऑली. रॉडनी मुलेनने 1980 च्या दशकात तीच सपाट जमिनीवर आणली: मागच्या पायाने शेपटी ठोकायची, पुढचा पाय घासत वर न्यायचा, बोर्ड पायाला चिकटल्यासारखा उठतो. त्यानंतर पायरी, कठडा, बाकडं, काहीच सुटलं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 ला, जपानच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डिंगमध्ये गोल्ड घेतलं, वय 13, म्हणजे आपल्याकडे आठवीचा क्लास!

आपलं पोरगं आता चेंबरच्या झाकणावरून ऑली मारायला बघतंय. एकदा पडलं. दुसऱ्यांदा बोर्ड गेला रिक्षाखाली. तिसऱ्यांदा चारही चाकं पलीकडे टेकली, आणि तेवढ्यात वॉचमनची शिट्टी.